कंसात काय उरलं?

कामशेत, ४ ऑगस्ट, सोमवार
आठवीला ‘बैजिक राशींचे अवयव’ सुरू केलं. फळ्यावर १२क्ष + १८य लिहिलं. बहुतेकांनी झटकन २ बाहेर काढला : २(६क्ष + ९य). चूक नाही, पण काम अर्धवट. ६ आणि ९ ला अजून ३ ने भाग जातो. मागच्या बाकावरून आवाज, “सर, मग ३ पण काढू?” काढ की. ६(२क्ष + ३य). मसावि सहावीतच झालाय, पण तो त्या वहीतच राहिला.

६ ऑगस्ट, बुधवार
पाऊस धो धो. नाणे मावळातली पोरं आलीच नाहीत, म्हणून नवं काही घेतलं नाही. शेजारशेजारची दोन भातखाचरं काढली, मधे बांध. दोन्हींची रुंदी अ, लांबी एकाची ब, दुसऱ्याची क. क्षेत्रफळ अब + अक. एकजण म्हणाला, “मधला बांध मोडला की एकच खाचर झालं ना!” झालं, अ(ब + क). (बांध मोडण्याची भाषा मावळात जपूनच करावी म्हणा.)

रात्री ‘लीलावती’ चाळली, ११५० सालची. १३५ ला १२ ने गुणायचं, तर भास्कराचार्य १२ चे ८ आणि ४ असेही भाग पाडतात. १०८० आणि ५४० मिळून १६२०. आमचा धडा हेच उलटं चालवतो. त्यांचे ग्रंथ शिकवायला नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटणला मठ काढला; तिथला शिलालेख १२०७ चा.

८ ऑगस्ट, शुक्रवार
वह्या तपासल्या. ५क्ष² + ५क्ष ने घोटाळा केलाय. कुणाचं उत्तर ५क्ष(क्ष), कुणाचं ५क्ष(क्ष + ०). अख्खं पद बाहेर गेलं, मग आत काय उरणार, असा पोरांचा हिशेब. पण ५क्ष ला ५क्ष ने भागलं की १ येतो. नुसतं सांगून पटेना. क्ष = २ धरायला लावलं : मूळ राशी ३०, यांचं उत्तर २०. मग खोडरबर निघाले. ५क्ष(क्ष + १).

११ ऑगस्ट, सोमवार
−४क्ष + ८ मधून −४ काढला तर आत क्ष − २; चिन्ह बदलायचं निम्मे विसरले. सरावानं जाईल.

पालकसभेत एवढंच सांगणार आहे : घरी अभ्यास घेताना मागच्या पानावरचं उत्तर जुळवत बसू नका. मुलाला कंस सोडायला लावा. मूळ राशी परत आली तर अवयव बरोबर, आणि आत आणखी सामाईक काही नसेल तर गणित पूर्ण.