जेवणाच्या गाडीची वेळ

इन्सुलिन आणि जेवण यांची सांगड घालणे हा परिचर्येच्या अभ्यासक्रमातील असा भाग आहे, जो पाठ करून उत्तरपत्रिकेत उतरवता येतो. परंतु घड्याळ, औषधांचा ट्रे आणि जेवणाची गाडी या तिन्हींचा वॉर्डात मेळ बसवल्याखेरीज तो समजला असे म्हणता येत नाही. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागू झाली, वॉर्डाचे दार विद्यार्थिनींना बंद झाले, आणि हाच भाग मोबाइलच्या पडद्यावरून शिकवण्याची वेळ अनेक शिक्षिकांवर आली. प्रस्तुत लेखिका त्यांपैकी एक होती.

पहिल्या तासांना तिने नेहमीचा तक्ता दाखवला. साधे, म्हणजे रेग्युलर इन्सुलिन त्वचेखाली टोचल्यावर सुमारे अर्ध्या तासाने काम सुरू करते, दोन ते चार तासांत त्याचा जोर सर्वाधिक असतो आणि सहा ते आठ तासांत तो ओसरतो, म्हणून ते जेवणाआधी अर्धा तास द्यायचे. लिस्प्रो किंवा ॲस्पार्टसारखे जलद प्रकार दहा-पंधरा मिनिटांतच काम सुरू करत असल्याने ते जेवणाच्या अगदी तोंडावर द्यायचे. हजेरी पूर्ण भरत असे, पण कॅमेरे बंद आणि प्रश्नानंतर शांतता. ही शांतता आळसाची नव्हती, हे नोंदवणे आवश्यक आहे. घरातील एकच फोन भावंडांत वाटलेला, रेंज फक्त गच्चीवर, आणि व्हिडिओ चालू ठेवला की दिवसाचा डेटा दुपारपूर्वीच संपलेला, अशा स्थितीत पडद्यावर केवळ नाव दिसत राहणे हीसुद्धा त्या मुलींची चिकाटीच होती.

म्हणून थेट तास कमी करून तिने वेगळे काम दिले: प्रत्येकीने आपल्या घरी तीन दिवस कोण केव्हा जेवते, किती जेवते आणि दोन खाण्यांत किती अंतर पडते, हे लिहून पाठवायचे, छायाचित्र नको, साधा मजकूर किंवा आवाजातील निरोप पुरे. जे आले, ते कोणत्याही तक्त्यात नव्हते. कोणाच्या घरी सकाळी नऊला भाकरी-पिठले खाऊन शेतावर गेलेली माणसे तीन वाजता परतत होती, तर कोणाच्या घरी आजी सगळ्यांची ताटे वाढून झाल्यावरच शेवटी बसत होती. या घरातील एक व्यक्ती इन्सुलिन घेणारी आहे असे समजून सुई केव्हा टोचावी, असा प्रश्न विचारताच उत्तरे येऊ लागली आणि त्यांवर वादही झाले.

सर्वांत अधिक वाद संकष्टीच्या नोंदीवर झाला. दिवसभराच्या उपवासात साबुदाण्याची खिचडी असते, आणि साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च असल्याने उपवास म्हणजे साखर कमी राहणार हा समज खोटा ठरतो. उलट रात्रीचे जेवण चंद्रोदयावर अवलंबून असल्याने, नेहमीप्रमाणे साडेसातला इन्सुलिन टोचले आणि चंद्र साडेनऊला उगवला, तर औषधाचा जोर आणि रिकामे पोट यांची गाठ पडते. रक्तशर्करा ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली उतरणे म्हणजे हायपोग्लायसेमिया. घाम, थरथर, धडधड आणि गोंधळलेले बोलणे ही त्याची लक्षणे आहेत, आणि रुग्ण शुद्धीवर व गिळू शकत असल्यास सुमारे १५ ग्रॅम, म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून देऊन १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी करायची असते. उपवास करायचा असल्यास मात्रा व वेळ डॉक्टरांना आधीच विचारून ठरवावी, हा नियम त्या दिवशी कोणाला पाठ करावा लागला नाही.

त्याच चर्चेत लेखिकेने आपली जुनी चूक सांगितली, जी तोवर कोणत्याही वर्गात सांगितली नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी सकाळी सातचे इन्सुलिन तिने ठरल्या वेळी दिले, नाश्त्याची गाडी दीड तास उशिरा आली, आणि खाटेवरचे गृहस्थ घामाने भिजून आपले नावही सांगू शकेनात. साखरेचे पाणी पोटात गेल्यावर ते सावरले. परंतु नोंदवहीत ‘वेळेवर दिले’ असेच लिहिले गेले होते आणि ते शब्दशः खरे होते, ही गोष्ट तिला आजही अस्वस्थ करते.

मात्रेचे गणित त्यानंतर सोपे गेले. साधारण ३० ग्रॅम पिठाच्या पोळीत सुमारे २० ग्रॅम कर्बोदके असतात. एखाद्या रुग्णासाठी डॉक्टरांनी १० ग्रॅमला एक युनिट असे प्रमाण ठरवले असेल, तर तीन पोळ्यांना सहा युनिटे लागतील, आणि भात घेतला तर तोही मोजावा लागेल. हे प्रमाण प्रत्येक रुग्णाचे वेगळे असते.

पडद्यावरून हात मात्र शिकवता आला नाही. त्वचा चिमटीत धरणे आणि पेनचे बटण दाबून दहा सेकंद सुई तशीच धरणे, हे वॉर्ड उघडल्यावरच शिकवावे लागले. परंतु त्या तुकडीतील एक मुलगी पहिल्याच आठवड्यात, फ्रीजमधील वायलला हात लावण्याआधी, स्वयंपाकघरात फोन करून विचारत होती, ‘‘गाडी निघाली का?’’