तश्दीद आणि पेशीविभाजन

माझी लेक रत्नागिरीत दहावीपर्यंत उर्दू माध्यमात शिकली. तिथे पेशी म्हणजे ‘खलिया’ होती. अकरावीला सायन्स घेतलं आणि त्याच पेशीची ‘सेल’ झाली. आता ती नीटची तयारी करतेय. २०१८ पासून ही परीक्षा उर्दूतूनही देता येते. पण तिचं कॉलेज इंग्रजीत, पुस्तकं इंग्रजीत, सराव चाचण्या इंग्रजीत. मग नुसता पेपर उर्दूत मागून काय उपयोग?

परवा रात्री पावसाने वीज गेली होती. ती सराव पेपर घेऊन स्वयंपाकघरात आली. पेशीविभाजनाचा एकच प्रश्न तिसऱ्यांदा चुकला होता. बरोबर उत्तराला चार गुण, चुकलं की एक वजा.

“अम्मी, उर्दूवाल्यांनी सायन्स घ्यायलाच नको.”

मला लागलं ते. तिला उर्दू शाळेत मीच घातलं होतं.

प्रश्न असा : माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं. विभाजनाआधी, एस टप्प्यात, डीएनए दुप्पट होतो. तो टप्पा संपल्यावर गुणसूत्रं किती? ती दर वेळी ९२ लिहायची. उत्तर ४६च. प्रत्येक गुणसूत्राची नक्कल तयार होते, पण दोन्ही प्रती गुणसूत्रबिंदूपाशी जोडलेल्या राहतात, म्हणून मोजताना एकच धरायचं.

हे तिला पाठ होतं, पटत नव्हतं. बी.एड.ला ‘ज्ञाताकडून अज्ञाताकडे’ मी खूप घोकलं होतं. वहीत उर्दूत ‘मुहम्मद’ लिहिलं आणि दुसऱ्या मीमवर तश्दीद दिली.

“इथे आवाज किती मीमचा?”

“दोन.”

“लिहिलेत किती?”

“एक.”

“अबजदच्या हिशेबातही तो एकदाच धरतात.”

ती थांबली. मग म्हणाली, “म्हणजे पश्चावस्थेत तश्दीद सुटते! दोन्ही प्रती वेगळ्या होतात, तेव्हा ९२!”

आणि सवयीने तिने अबजद मांडला. मीम ४०, बडी हे ८, मीम ४०, दाल ४. बेरीज ९२. दोघी हसलो. “मामूला सांगू नकोस, चमत्कार म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवेल.”

योगायोगच तो. पण एक गोष्ट मला कळली. उर्दू तिच्या आड आलीच नव्हती. उर्दूतून इंग्रजीत जाताना तिचा हात कुणी धरला नव्हता, आणि त्यात शिक्षिका असलेली मीही आले.

काल वहीत तीन रकाने आखले : खलवी तक्सीम, पेशीविभाजन, सेल डिव्हिजन. अर्धगुणसूत्री विभाजनाशी आल्यावर तिने विचारलं, “याला उर्दूत काय होतं गं?”

मलाही आठवेना. तिचं दहावीचं पुस्तक माळ्यावर आहे. रविवारी काढायचंय.