हाताळलेली बंदूक

गोलबाजारातून आणलेली बंदूक पिवळ्या-निळ्या प्लास्टिकची होती. चाप ओढला की लाल दिवा लुकलुकायचा. भाचीनं ती माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "मामा, हिला सत्तावनची करून दे."

गणपतीत मुलांचं नाटुकलं होतं, आपल्या रायपूरच्या सत्तावनच्या उठावावर. तिच्या वाट्याला त्या उठावाचे म्होरके हनुमान सिंह आले होते.

नमुन्याला 1853 ची एनफिल्ड घेतली, त्या काळचं वादळ जिच्या चरबीच्या काडतुसांवरून उठलं ती. मूळ बंदूक 55 इंचांची, भाचीहून उंच. म्हणून 40 इंचांवर थांबलो. सेल आणि दिवा काढला, नळीला विजेच्या फिटिंगचा पाइप जोडला, सांधे एम-सीलनं बुजवले. नळी लाकडाला धरून ठेवणारी तीन कडी पुठ्ठ्याची केली. मग साबणानं धुणं आणि पॉलिश पेपरनं घासणं. हे कंटाळवाणं काम टाळलं की गुळगुळीत प्लास्टिकवरचा रंग पहिल्याच तालमीत सालपटासारखा निघतो. भाद्रपदातली रायपूरची हवा ओली. रंगाचा एकेक हात वाळायला दीड-दीड दिवस लागला. रात्री उठून मी बोट लावून पाही.

काळ्या रंगाला लोखंडाची झाक आणते शिसपेन्सिल. तिची पूड कापसावर घेऊन नळीवर चोळली, आणि प्लास्टिक थंडगार दिसू लागलं. दस्त्याला तपकिरी दोन हात, त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशनं लाकडाच्या रेषा.

भाची बघत राहिली. "पण मामा, ही तर नवीकोरी वाटते."

खरं होतं. पण जुनेपण कुठं द्यायचं? सगळीकडे ओरखडे काढले की ते खोटं दिसतं. बंदूक झिजते ती माणसाच्या अंगाला लागून: डावा तळवा जिथं पेलतो तिथं, गाल टेकतो तिथं, अंगठा घोडा मागं ओढतो तिथं, आणि पहाऱ्यावर जमिनीला टेकून टेकून दस्त्याच्या टाचेशी. ते चार डाग देताना प्रथमच मला तो माणूस दिसला. हनुमान सिंह तिसऱ्या पलटणीत मॅगझिन लष्कर होते, म्हणजे दारूगोळ्याच्या कोठाराची देखरेख करणारे. 10 डिसेंबर 1857 ला याच शहरात सोनाखानच्या वीर नारायण सिंहांना प्राणदंड दिला गेला. दुष्काळात व्यापाऱ्याच्या कोठारातलं धान्य भुकेल्यांना वाटणारे ते जमीनदार. पुढं सहाच आठवड्यांत, 18 जानेवारी 1858 च्या संध्याकाळी, हनुमान सिंहांनी सार्जंट मेजर सिडवेलला त्याच्या बंगल्यात शिरून मारलं. छावणीत काही तास झुंज चालली. 22 जानेवारीला सतरा जणांना फाशी दिलं. त्यांत गाझी खान होते, शिवनारायण होते, मातादीन होते. नारायण सिंहांच्या बलिदानाशी जोडलेल्या जयस्तंभ चौकातून आपण रोज जातो. या सतरांची नावं मात्र आपल्या मुलांच्या तोंडी नसतात, आणि ते मला सलतं.

एक गोष्ट मी हट्टानं केली. नळीच्या तोंडाला लाल टोपण बसवलं आणि बंदूक घरापासून मंडपापर्यंत कापडी पिशवीतून नेली. टोपण काढलं ते विंगेत, पडदा उघडण्याआधी. बस्तरच्या माओवादी संघर्षामुळं या राज्यानं खऱ्या बंदुका फार जवळून पाहिल्यात. इथं मुलाच्या हातात काळी नळी दिसली की लोकांच्या काळजात धस्स होतं. तुम्हीही घरी अशी बंदूक रंगवलीत तर तेवढं लाल ठेवा.

प्रयोगाच्या शेवटी भाचीनं बंदूक रंगमंचावर ठेवली आणि अंधारात निघून गेली. मागं उरलेल्या मुलांनी एकेक करत सतरा नावं घेतली.

हनुमान सिंह इंग्रजांच्या हाती कधीच लागले नाहीत.