मृदंगाच्या शाळेतला सॅक्सोफोन

बंगळुरातल्या येलहंक्यात थंडी आली हे आधी भाजीच्या गाडीवर कळतं. अवरेकाईच्या हिरव्या शेंगांचे ढीग लागतात, त्यांचा उग्र, मातकट वास रस्ताभर पसरतो, आणि बायका त्या पिशव्या भरभरून नेतात. पुट्टेनहळ्ळीच्या तळ्यावर पक्ष्यांची दाटी होते. एक वर्षाआड फेब्रुवारीत हवाई दलाच्या तळावर एअरो इंडियाचं प्रदर्शन असतं. त्या वर्षी जानेवारी सरता सरता विमानांचा सराव सुरू होतो आणि आभाळ दिवसभर फाटत राहतं. संध्याकाळी मात्र हवा हलकी होते, अंगावर शाल लागते, आणि दूरचा आवाजही स्वच्छ ऐकू येतो. अशा संध्याकाळी मी हटकून ‘ज्योती’ लावते.

1983 साली जर्मनीच्या ईसीएम या कंपनीने ही तबकडी काढली. तिच्यावर दोन नावं आहेत. एक चार्ली मारियानो, बोस्टनमध्ये 1923 साली जन्मलेला सॅक्सोफोनवादक. चार्ल्स मिंगससारख्या वादळी संगीतकाराबरोबर त्याने वाजवलं होतं आणि तो बर्कली या संगीतविद्यालयात शिकवतही होता. दुसरं नाव माणसाचं नाही, शाळेचं आहे: कर्नाटक कॉलेज ऑफ परकशन. बंगळुरात 1964 पासून चाललेली ही मृदंग, घटम, खंजिरा शिकवणारी संस्था. टी. ए. एस. मणी हे तिचे मृदंगगुरू, आणि गायिका आर. ए. रमामणी त्यांच्या पत्नी. जॅझच्या इतिहासात बँडची नावं असतात, हॉटेलांची असतात, रात्री जागवणाऱ्या क्लबांची असतात. तालवाद्यं शिकवणाऱ्या एका साध्या शाळेचं नाव असं मुखपृष्ठावर यावं, याचं मला आजही अपार सुख वाटतं.

सुरुवात रमामणींच्या एकट्या आवाजाने होते. घाई नाही. सॅक्सोफोन येतो तेव्हा आपण त्या आवाजात मुरलेले असतो. मारियानो इथे काय करतो ते नीट ऐकण्यासारखं आहे. जॅझमध्ये वाढलेल्या वादकाच्या पायाखाली पियानोची स्वरसंगती सतत बदलत असते. दर एक-दोन मात्रागटांनी जमीन सरकते आणि त्या सरकत्या जमिनीवर त्याला धावायचं असतं. इथे पियानोच नाही. तंबोऱ्याचा षड्ज आहे, तो हलत नाही. धावण्याची सवय असलेल्या माणसाला कुणी अंगणात एका जागी उभं केलं तर तो काय करील? मारियानो उभा राहतो. एकेक स्वर सोडतो, तो ओठांनी वाकवतो, पुढच्या स्वराच्या कडेला नेऊन ठेवतो. हे त्याला सहज आलेलं नव्हतं. पन्नाशीच्या आसपास, नाव झालेलं असताना, दक्षिणेत येऊन त्याने नागस्वरम शिकायला घेतलं होतं. जो स्वतः गुरुजी होता तो पुन्हा विद्यार्थी झाला, आणि त्याच्या वादनातली नम्रता मला तिथून आलेली वाटते.

मग तालाचा भाग येतो. राजगोपाल आणि शशिकुमार कोन्नक्कोल म्हणू लागतात. तबल्याची पढंत ऐकलेल्या मराठी कानाला हे परकं नाही: मृदंगाचे बोल तोंडाने, श्वास पुरवून, विजेच्या वेगाने. हाताने आदितालाच्या आठ मात्रा चाललेल्या असतात: एक टाळी, करंगळीपासून तीन बोटं, मग टाळी आणि पालथा हात, पुन्हा टाळी आणि पालथा हात. आठाच्या या चौकटीत पाच-पाचांचे, सात-सातांचे गट टाकत जायचं आणि तिहाईसारखी रचना तीनदा म्हणून अचूक समेवर यायचं. जॅझमध्येही ड्रमवाला आणि सॅक्सोफोनवाला चार-चार मात्रागट वाटून घेतात. याने टाकलेलं त्याने उचलायचं, वळवायचं, परत करायचं. ज्याने फडावर शाहिरांचे सवाल-जबाब ऐकलेत, कलगी-तुऱ्याच्या रात्री पाहिल्यात, त्याला यातली ईर्ष्या आणि त्याखालची माया वेगळी समजावून सांगावी लागत नाही. समोरच्याने काय टाकलं ते कान देऊन ऐकलंच नाही, तर जबाब येणार कुठून?

आपल्याकडे जॅझ आलं ते मुंबईच्या ताजमधून, असं सांगतात. 1935 साली लिऑन अॅबीचा बँड तिथे वाजला, मग टेडी वेदरफोर्ड आला, हे खरं. पण वाजवणारे हात घडले ते गोव्यात, चर्चला लागून असलेल्या शाळांमध्ये. तिथले संगीतशिक्षक, मेस्त, गावच्या पोरांना स्वरलिपी वाचायला आणि व्हायोलिन धरायला शिकवत. प्रार्थनेच्या साथीसाठी मिळालेलं ते शिक्षण पोरांनी बोटीने मुंबईला नेलं आणि तिथे ट्रम्पेट उचलला. हळदोण्यात जन्मलेले आंतोनियो शावियर वाझ असेच चिक चॉकलेट झाले. पुणतांब्याच्या रामचंद्र नरहर चितळकरांनी, म्हणजे आपल्या सी. रामचंद्रांनी, त्यांना हाताशी धरलं; 1951 च्या ‘अलबेला’त भगवानदादा आणि गीता बाली नाचतात तेव्हा मागे पडद्यावर चिक चॉकलेटचाच बँड दिसतो. गणपतीच्या मांडवात त्या गाण्यांवर नाचलेल्या पिढ्यांनी जॅझ हे नाव न घेता जॅझ अंगात भिनवून घेतलं.

त्यानंतरचे हिवाळे जॅझ यात्रा या महोत्सवाचे. निरंजन झवेरींच्या पुढाकाराने 1978 मध्ये मुंबईत ती सुरू झाली. धोबीतलावच्या रंगभवनाला छप्पर नव्हतं, म्हणून फेब्रुवारीच तिचा महिना. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सनी रोलिन्स आला. त्याच्या काही वर्षं आधी तो पवईच्या आश्रमात साधनेसाठी राहून गेला होता. क्लार्क टेरीही आला. टेरीचं नाव घेतलं की मला ट्रम्पेटच्या आधी त्याची शिकवणी आठवते. क्विन्सी जोन्स पोरसवदा असताना त्याच्याकडे शिकला. आणि नव्वदी गाठलेला, दृष्टी गेलेला टेरी अंथरुणावरून एका अंध तरुण पियानोवादकाला तालमी देत होता. 1980 च्या यात्रेत पंडित रविशंकरांनी जॅझ वादकांसाठी रचना बांधली. त्याच वर्षी कद्री गोपालनाथ या दक्षिण कन्नडच्या माणसाला कॅलिफोर्नियाच्या जॉन हॅन्डीने ऐकलं आणि आपल्याबरोबर मंचावर बोलावलं. गोपालनाथांनी सॅक्सोफोन पहिल्यांदा ऐकला तो म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये. लष्करी चालीच्या त्या वाद्यातून त्यांनी कर्नाटक संगीताचे गमक काढले आणि 1994 साली ते लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलपर्यंत नेले.

रंगभवन पुढे शांतता क्षेत्रात गेलं आणि तिथला आवाज थांबला. मला त्याची हळहळ आहे, पण त्याहून मोठी काळजी शिकवणीच्या खोल्यांची वाटते. जॅझ आपोआप येतं, ते शिकवता येत नाही, असा एक लाडका समज आहे. मला तो मुळीच पटत नाही. लुई आर्मस्ट्राँगला न्यू ऑर्लिन्सच्या सुधारगृहात कॉर्नेट शिकवणारा शिक्षक भेटला. गोव्यात मेस्त होते. बंगळुरात मणी होते. उत्स्फूर्त म्हणून आपण ज्याला दाद देतो त्याच्या मागे कुणीतरी हजार वेळा हात धरून मात्रा मोजलेल्या असतात.

आमच्या भागात संध्याकाळी फिरायला निघालं की एका गल्लीत गिटारचा क्लास लागतो, पुढच्या वळणावर मृदंगाचा. गिटारवाली मुलं कानात यंत्र घालून अमेरिकेतल्या तरुणांची नक्कल गिरवत असतात. मृदंगाच्या वर्गात चटईवर दहा-बारा वर्षांची पोरं मांड्यांवर हात आपटत बोल म्हणतात. एखादा घाईने पुढे धावला की सर हात वर करून थांबवतात, “मोदलु केळप्पा!” आधी ऐक रे बाबा. पोरगा ओशाळतो, शेजारच्याचं ऐकतो आणि मग बरोबर जागी शिरतो. हे दोन वर्ग एकमेकांना कधी भेटलेले नाहीत. दोघांच्या मध्ये एक किराणा दुकान आणि दूध केंद्र आहे, एवढंच अंतर.

मला या थंडीत त्यांची गाठ घालून द्यायची आहे. मोठा महोत्सव नको, प्रायोजकांचे फलक नकोत. एक उघडं अंगण, शंभर खुर्च्या, जानेवारीचा पहिला पंधरवडा, म्हणजे विमानांचा सराव सुरू व्हायच्या आत. आधी मृदंगाच्या पोरांनी आदिताल धरावा, गिटारच्या मुलांनी आठ मात्रा हातावर मोजून पाहाव्यात, आणि चार-चार मात्रांनी देवाणघेवाण सुरू करावी. चुकतील, हसतील, पुन्हा समेवर येतील. कॉलेजात सॅक्सोफोन वाजवणारी एक मुलगी आमच्याच इमारतीत राहते. तिला मी विचारलंय, ती यायला तयार आहे. मृदंगाच्या सरांनी अजून होकार दिलेला नाही. त्यांना ‘ज्योती’ ऐकायची आहे, आणि रविवारी ते त्यासाठी घरी येणार आहेत.