नसलेलं सामान

सरस. जनावरांच्या कातड्याचा, तपकिरी, खड्यांचा. रात्री पाण्यात भिजत घालायचा, सकाळी गरम पाण्याच्या पातेल्यात डबा ठेवून वितळवायचा. थेट आचेवर ठेवला की करपतो आणि त्याचा चिकटपणा जातो. त्यात झिंक ऑक्साइड, खडूची पूड, थोडं जवसाचं तेल घातलं की कॅनव्हासचं प्रायमिंग तयार. वास असा, की चाळीतल्या अख्ख्या मजल्याला कळे. खोल्या दोन, स्टो एक. त्यामुळे कॅनव्हास कधी तयार करायचा हे बायको ठरवायची. श्रावणात नाही, घरात पाहुणे असताना नाही, एकादशीला तर नाव काढायचं नाही. आता जेसोचा डबा आयता मिळतो. वास नाही. कुणाला विचारावंही लागत नाही.

आईची लुगडी. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती लुगड्याइतकं ब्रश पुसायला चांगलं दुसरं काही नव्हतं. पुढे साड्या पॉलिएस्टरच्या झाल्या आणि चिंध्यांचा दर्जा घसरला. पॉलिएस्टर टर्पेंटाइन पीत नाही, नुसतं पसरवतं. आई माझी चित्रं फारशी बघत नसे, फडकी बघायची. ‘सध्या काळं फार चाललंय तुझं,’ एवढंच म्हणायची.

मुंगसाच्या केसांचे ब्रश. टोक सुरेख यायचं, पाणीही भरपूर धरायचं. मुंगसाला वन्यजीव कायद्याचं संरक्षण मिळालं आणि ते बंद झाले. चांगलं झालं. या यादीतल्या सगळ्याच गोष्टींसाठी हळहळायचं कारण नाही.

हातकागद अजून मिळतो. पुण्याला शिवाजीनगरची हातकागद संस्था 1940 पासूनची. पण दुकानात उभं राहून ताव उजेडाला धरून बघायचा, बोटांनी कोपरा चाचपायचा, ‘हा नको, खालचा द्या’ म्हणायचं, हे गेलं. कागद आता पुठ्ठ्याच्या नळीत घरी येतो. खालचा वगैरे काही नसतो.

ब्लॉक. याच्याबद्दल जरा जास्त लिहायला हवं, कारण घर त्याच्यावर चाललं. जे. जे. कलाशाळेतून बाहेर पडल्यावर तैलरंगावर पोट भरेल असं वाटण्याइतका मी भोळा नव्हतो. कथांना चित्रं, पुस्तकांना मुखपृष्ठं, दिवाळी अंकांना काय लागेल ते. चित्र काढून झालं की ते ब्लॉकमेकरकडे जायचं. जस्ताच्या पत्र्यावर ॲसिडने कोरायचं आणि तो पत्रा लाकडावर ठोकायचा. रेषा असतील तर लाइन ब्लॉक, छटा असतील तर हाफटोन. हाफटोनची जाळी कागद बघून ठरे: वर्तमानपत्राच्या कागदाला इंचाला 65 रेघांची, आर्टपेपरला 120 किंवा 133. बारीक जाळी हलक्या कागदावर छापली तर शाई भरून सगळा चिखल. रंगीत मुखपृष्ठाला चार ब्लॉक, पिवळा, लाल, निळा आणि काळा. कागद चार वेळा यंत्राखालून जायचा. एकदा केसभर सरकला की नायिकेचे ओठ गालावर.

आमचा ब्लॉकमेकर गिरगावातला. चित्रकला शिकलेला नव्हता. चित्र हातात घेऊन खिडकीशी जायचा आणि म्हणायचा, ‘हा जांभळा येणार नाही. बदला.’ मी वाद घालायचो. जांभळा यायचा नाही. दीनानाथ दलालांची मुखपृष्ठं आज काढून बघा, रंग कसे सपाट आणि स्वच्छ आहेत. दलालांचा ‘दीपावली’ 1945 साली सुरू झाला. त्या काळच्या यंत्राला काय पेलतं आणि काय पेलत नाही हे कळल्याशिवाय तसं काम होत नाही. लोक त्याला शैली म्हणतात. माझ्या मते त्यातला निदान चार आणे वाटा ब्लॉकमेकरचा आणि यंत्रावरच्या माणसाचा.

ऑफसेट आलं, ब्लॉक वजनावर भंगारात गेले. ‘सत्यकथा’ मासिक 1982 साली बंद झालं. खटाववाडीतल्या मौजेच्या छापखान्यात प्रुफांच्या ढिगाशेजारी उभ्याउभ्या कथा ऐकायची आणि तिथेच पेन्सिलने दोन रेघा मारून दाखवायच्या, हा प्रकार मग कुठेच राहिला नाही. हल्ली कथा ई-मेलने येते. बहुतेक वेळा कथा येतच नाही, तिचा सारांश येतो.

बुक पोस्ट. प्रदर्शनाची निमंत्रणं. पाकीट चिकटवायचं नाही, उघडं ठेवायचं, वर ‘बुक पोस्ट’ लिहायचं, म्हणजे तिकीट स्वस्त. रात्री जेवणं झाली की जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरून सगळं घर बसे. मुलगी तिकिटं लावायची, मुलगा शिक्का मारायचा, बायको पत्ते लिहायची. तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. यादीही तिच्याच ताब्यात. ‘हे गेल्या वेळी आले नव्हते,’ म्हणून नावं परस्पर गाळायची. त्यात एकदा एक समीक्षकही गळला.

समीक्षक. प्रदर्शन लागल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी वर्तमानपत्र घ्यायला खाली उतरायचं आणि जिन्यातच उभं राहून वाचायचं. ज्ञानेश्वर नाडकर्णी मराठीत लिहीत आणि इंग्रजीतही. छोट्या प्रदर्शनावरही कुणीतरी चार ओळी लिहायचं. वाईट ओळी आल्या तर निदान भांडायला माणूस होता. आता त्या जागी चित्राचा लिलावातला भाव छापून येतो. भावाशी भांडता येत नाही.

टॅक्सीचा कॅरियर. प्रीमियर पद्मिनीच्या टपावरचा. मोठी चित्रं त्यावर आडवी टाकून सुतळीने बांधायची. मरीन ड्राइव्हवर वारा आला की कॅनव्हास उचलायचा, म्हणून एक हात खिडकीबाहेर काढून सुतळी धरून बसायचं. हे काम मुलाचं. टॅक्सीवाला वाटेत विचारायचा, कुणाचा फोटो आहे? अमूर्त चित्र असेल तर चर्चगेट ते काळा घोडा एवढ्या अंतरात त्याला समजावता येत नसे. या टॅक्सींची शेवटची तुकडी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली. कॅरियर त्याआधीच दिसेनासे झाले होते.

जहांगीर गॅलरीतलं समोवार, म्हणजे तिथलं उपाहारगृह. गॅलरी 1952 ची, समोवार 1964 चं. उषा खन्नांनी चालवलेलं, लांबट, अरुंद, एका अंगाला हिरवळ. ते 31 मार्च 2015 ला बंद झालं. पराठे बरे असायचे. पण पराठ्यांसाठी कुणी जात नव्हतं. प्रदर्शन लागलं की आत आपल्याच चित्रांच्या पहाऱ्यावर बसवत नाही, म्हणून चित्रकार इथे येऊन बसे. चित्रं बघून झालेली माणसं थेट समोर येऊन आदळत. वरच्या मजल्यावर केकू गांधींची केमोल्ड गॅलरी होती. तिकडून उतरणारेही इथेच. ती 2007 साली फोर्टात हलली. रस्त्यापलीकडे रेकॉर्डचं दुकान ऱ्हिदम हाउस, तेही 2016 मध्ये मिटलं. त्याच चौकातलं वेसाइड इन तर कधीच गेलं. कवी अरुण कोलटकर तिथे बसायचे. तेही जे. जे.चे आणि जाहिरातीत मुरलेले, म्हणून आम्हाला उगाच आपले वाटत. मी त्यांच्या टेबलापर्यंत कधी गेलो नाही.

आमचं टेबल साधं. एक नाटकवाला, एक तबलजी, एक कवी, एक बँकेत नोकरी करणारा शिल्पकार. चौघांचंही चित्रांबद्दल मत असायचं, आणि ते विचारल्याशिवाय मिळायचं. नाटकवाला म्हणाला, ‘उजव्या कोपऱ्यात तू खोटं बोलतोयस.’ तबलजीचा प्रश्न नेहमीचा: सम कुठंय? शिल्पकार काही न बोलता बोटाने टेबलावर चित्रातली एखादी रेघ गिरवायचा, आणि ती जिथे अडायची तिथे चित्र अडलेलं असायचं. कवी फक्त शीर्षक बदलायचा. माझी बरी शीर्षकं सगळी त्याची आहेत. उधारीही बहुतेक त्याचीच.

तिघे गेले. चौथ्याला ऐकू येत नाही, पण मत अजून आहे.

वॉर्डन रोडवरची भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट. एका खोलीत गायतोंडे, एकीकडे हुसेन, कुठे सतार, कुठे अल्काझींच्या नाटकाची तालीम. मला ते बघायला मिळालं ते विद्यार्थी म्हणून, दारातून. तिथे आता आकाशगंगा नावाची इमारत आहे.

भिंती. गिरगावातल्या खोल्या उंच होत्या, फोटोच्या वर चित्र आणि चित्राच्या वर माळा. आम्ही एकमेकांच्या लग्नात भांडी देत नव्हतो, चित्रं द्यायचो. परवडायचं तेवढंच. आता चाळी पुनर्विकासात गेल्या. नव्या फ्लॅटमध्ये एका भिंतीला टीव्ही, दुसरीला कपाट, तिसरीत खिडकी, चौथीत दार. मित्रांच्या मुलांचे फोन येतात: ‘काका, बाबांकडे तुमचं एक मोठं चित्र होतं. आम्हाला टाकवत नाही. तुम्ही न्याल का?’ मुलं सज्जन आहेत. मी नेतो.

अशी बरीच परत आली आहेत. पलंगाखाली आहेत, कपाटामागे आहेत. एकाला बुरशी आहे, एकाला भिंतीचा चुना लागलाय, एकाच्या पाठीवर कवीने शाईने लिहिलेलं शीर्षक तसंच आहे. दोन मी इझलवर चढवली आणि उजव्या बाजूला काम सुरू केलं. बायको म्हणते, दिलेल्या वस्तूवर परत हात चालवू नये. मुलगा म्हणतो, बाबा, जुन्या कामाला आता किंमत आहे, काही करू नका. सून म्हणते, करायचं ते करा, पण आधी खिडकी उघडा, टर्पेंटाइन थेट पोरांच्या खोलीत जातंय.