ज्यांची चित्रे, त्यांच्यासाठी

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे १०० किलोमीटरांवर अजिंठ्याची लेणी आहेत. तेथील १६ क्रमांकाच्या लेण्यातील शिलालेखात ते लेणे कोरविणाऱ्या वराहदेवाचे नाव आहे. हा वराहदेव वाकाटक नृपती हरिषेण याचा मंत्री होता. परंतु ज्यांनी भिंतींवर रंग चढविले, त्या चित्रकारांची नावे आज कोणासही ठाऊक नाहीत. त्यांनी राजे व राण्या तर रंगविल्याच. पण दासी, व्यापारी, शिकारी आणि खलाशी यांनाही आपल्या चित्रांत मानाने जागा दिली. राजाच्या मुद्रेसाठी जितक्या काळजीने कुंचला फिरला, तितक्याच काळजीने तो सेवकाच्या मुद्रेसाठीही फिरला.

पुढे काळ पालटला. चित्रे चौकटींत बसली आणि मोठ्या शहरांतील कलादालनांत टांगली गेली. तेथे कोणासही मज्जाव नसतो, हे खरे. परंतु नुसते दार उघडे असले, म्हणजे माणूस आत येतोच असे नाही. दिवसभर ओझी वाहून थकलेला हमाल त्या गुळगुळीत पायऱ्यांकडे पाहतो आणि ‘हे आपल्यासाठी नव्हे’ असे मनाशी म्हणून पुढे निघून जातो. कोणी न अडविताही तो अडतो. मग आत त्याचेच चित्र टांगलेले असले, तरी त्याचा त्याला काय उपयोग?

हा प्रश्न ज्यांनी मनावर घेतला, अशा चित्रकारांपैकी सुधीर पटवर्धन हे एक होत. त्यांचा जन्म १९४९ साली पुण्यात झाला. १९७२ साली तेथेच वैद्यकाचे शिक्षण पूर्ण करून ते मुंबईस आले. १९७५ पासून २००५ पर्यंत, म्हणजे तब्बल ३० वर्षे, त्यांनी ठाण्यात क्ष-किरण तज्ज्ञ म्हणून काम केले. चित्रकलेचे शिक्षण त्यांनी कोणत्याही कलाशाळेत घेतले नाही. रुग्णसेवा करता करता, पाहून, वाचून आणि सतत रेखाटने करून त्यांनी ही कला हस्तगत केली.

क्ष-किरणांनी काढलेल्या छायाचित्रात अंगावरचे कपडे दिसत नाहीत. धनिकाची हाडे आणि मजुराची हाडे तेथे सारखीच दिसतात. जो मनुष्य वर्षानुवर्षे अशी छायाचित्रे पाहतो, त्याला माणसामाणसांतील वरवरचा भेद फार मोठा वाटू नये, हे स्वाभाविकच आहे. पटवर्धनांच्या चित्रांत आपल्याला हीच दृष्टी आढळते. १९७७ साली त्यांनी इराण्याच्या उपाहारगृहात बसलेला एक साधा माणूस रंगविला. पुढे आगगाडीतील उतारू, रेल्वेच्या पुलावरून जाणारे लोक आणि गल्लीबोळांत राबणारी कुटुंबे त्यांच्या चित्रांत आली. ही माणसे दीनवाणी नाहीत, तशीच ती वीरपुरुषही नाहीत. ती कामावर जात आहेत, थकली आहेत, कसला तरी विचार करीत आहेत. आपण रोज ज्यांच्या शेजारून जातो, त्यांच्याकडे थांबून पाहावयास ही चित्रे आपल्याला शिकवितात.

त्यांची चित्रे म्हणजे मुंबईच्या एका मोठ्या स्थित्यंतराची साक्षही होय. १८ जानेवारी १९८२ रोजी तेथील कापडगिरण्यांत संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. तो संप यशस्वी झाला नाही. पुढे एकामागून एक गिरण्या बंद पडल्या आणि त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहू लागल्या. ‘लोअर परळ’ या २००१ सालच्या चित्रात पटवर्धनांनी हा पालटणारा गिरणगाव रंगविला. जे इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत संपते, ते चित्रात डोळ्यांसमोर उभे राहते.

परंतु येथेच एक अडचण होती. कामगाराचे चित्र कलादालनात लागणार, रसिक त्याची वाखाणणी करणार आणि एखादा धनवान ते आपल्या घरी नेणार. ज्याचे ते चित्र, तो मात्र त्यापासून दूरच राहणार! हे अंतर एकट्या चित्रकाराला बुजविता येत नाही. पण त्यासाठी पाऊल टाकणे त्याच्या हाती असते.

पटवर्धनांनी तसे पाऊल टाकले. २००८ साली त्यांनी ‘विस्तारणारी क्षितिजे’ नावाचे फिरते प्रदर्शन योजिले. त्यात केवळ त्यांची चित्रे नव्हती; आजच्या अनेक भारतीय कलावंतांच्या कृती त्यात होत्या. हे प्रदर्शन महाराष्ट्रातील निरनिराळ्या शहरांतून फिरले. ज्यांना अशा कृतींसाठी मुंबईची वाट धरावी लागली असती, त्यांच्या गावी त्या आपण होऊन आल्या. छापील चित्र पाहणे आणि मूळ चित्रासमोर उभे राहणे यांत फार अंतर आहे. मूळ चित्रात कुंचल्याचा फटकारा दिसतो, रंगाचा थर दिसतो आणि हाताची घाई किंवा सबुरीही कळते.

२०१९च्या अखेरीस मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाने त्यांच्या आयुष्यभरातील चित्रांचे मोठे प्रदर्शन भरविले. संग्रहालय ही सार्वजनिक वास्तू आहे. तिच्या भिंतीवर लागलेले चित्र त्या वेळेपुरते तरी साऱ्यांचे होते. राजाची तलवार जपणे हे संग्रहालयाचे काम आहेच; पण हमालाचा चेहरा जपणे हेही त्याचेच काम होय. शिवाय त्या हमालाच्या मुलांना आदराने आत बोलावणे, त्यांच्या भाषेत त्यांच्याशी बोलणे आणि ‘यात तुम्हाला काय दिसते?’ असे विचारून त्यांचे उत्तर ऐकून घेणे, हे त्याहूनही मोठे काम आहे.

बालमित्रांनो, चित्र समजण्यास फार विद्वत्ता लागते, असे समजून कोणत्याही संग्रहालयाच्या दारातून मागे फिरू नका. निर्भयपणे आत जा आणि शांतपणे पाहा. आणि जाताना, ज्यांना ते दार आपले वाटत नाही, अशा एखाद्याला सोबत घेऊन जा.