उपनगरचा खासदार : काही टिपणे

पहिल्या लोकसभेत ‘मुंबई उपनगर’ नावाचा एक मतदारसंघ होता. १९५२ला आला, पुढच्याच निवडणुकीला गेला. एकच निवडणूक, एकच खासदार. जयश्री रायजी, काँग्रेस.

*

उपनगर म्हणजे तेव्हा साष्टी बेटावरची गावं. वांद्रे, कुर्ला, पार्ले, अंधेरी, बोरिवली. १९२०च्या ऑक्टोबरात ठाणे जिल्ह्यातून तोडून त्यांचा स्वतंत्र जिल्हा केला होता. १९५०ला महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरीपर्यंत आणि पूर्वेला भांडुपपर्यंत आली, १९५७च्या फेब्रुवारीत दहिसर-मुलुंडपर्यंत. म्हणजे १९५२ला मत देणाऱ्यांपैकी काहीजण महापालिकेत होते, काहीजण नव्हते. सगळे मात्र फोर्टात कामाला निघाले की ‘मुंबईला जातो’ असंच सांगत.

*

रायजीबाईंचा जन्म सुरतचा, १८९५चा. वडील मनुभाई मेहता बडोद्याचे दिवाण. आजोबा नंदशंकर, गुजरातीतली पहिली कादंबरी मानली जाते ती ‘करणघेलो’ लिहिणारे. घटना समितीतल्या हंसा मेहता या धाकट्या भगिनी. बाईंनी १९३०ला परदेशी कापडाच्या दुकानांसमोर निरोधन केलं, ४२ला तुरुंग पाहिला, भगिनी समाजाचं काम केलं. लोकसभेत स्त्रिया इतक्या थोड्या की मोजायला वेळ लागू नये. हिंदू विवाह आणि वारसा कायदे मंजूर झाले ते याच लोकसभेत. आज पार्ल्यात किंवा कुर्ल्यात किती जणांना त्यांचं नाव माहीत असेल? पुढे याच पट्ट्यातून आलेल्या मृणाल गोरे आठवतात, कारण त्यांनी पाण्यासाठी मोर्चे काढले. रायजीबाईंचं काम संस्थांमधलं. असं काम लोकांच्या तोंडी राहत नाही.

*

पहिल्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी असे. पेटीवर त्याचं चिन्ह, मतदाराने आपल्या पसंतीच्या पेटीत मतपत्रिका टाकायची. लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी ही सोय. एवढ्या पेट्या देशभर लागणार, त्यातल्या बारा लाखांहून अधिक गोदरेजने बनवल्या, त्याही उपनगरातल्याच विक्रोळीत. बाहेरून कुलूप लावायचं तर खर्च वाढतो, म्हणून झाकण आतूनच अडकेल अशी खिटी काढली. उपनगरने दिल्लीला एक खासदार पाठवला आणि देशाला पेट्या पाठवल्या. दुसरी कामगिरी मोठी वाटते मला.

*

शेजारच्या ‘मुंबई शहर उत्तर’ मतदारसंघाचं त्याच वर्षीचं प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. दोन जागांचा मतदारसंघ, एक राखीव. बाबासाहेब आंबेडकर काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून सुमारे साडेचौदा हजार मतांनी पडले. त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय, इथे वाढवत नाही.

*

मात्र १९५७च्या फेररचनेत एक गंमत झाली. ‘मुंबई उपनगर’ हे नाव गेलं आणि ‘शहर उत्तर’ हे नाव आपल्या जागेवरून उठून उपनगरात येऊन बसलं. त्यामुळे जुने निकाल वाचणाऱ्याची फसगत होते. ५२चा ‘उत्तर’ आणि ५७चा ‘उत्तर’ यांत नावापलीकडे फारसं नातं नाही.

*

१९५७. संयुक्त महाराष्ट्राची लाट. मध्य मुंबईत संयुक्त महाराष्ट्र समितीचे डांगे आणि माने निवडून आले. गिरणगावात काँग्रेसचं नाव घेणं अवघड. उत्तरेला मात्र काँग्रेसचे व्ही. के. कृष्ण मेनन आले. समोर होते पीटर अल्वारिस, प्रजा समाजवादी, गोवामुक्तीच्या लढ्यातला माणूस. मेननना मराठी तर सोडाच, हिंदीही धड येत नव्हती. पण जानेवारीत ते सुरक्षा परिषदेत काश्मीरवर जवळजवळ आठ तास बोलले होते, दोन दिवसांत मिळून. भाषणाच्या बातम्या शिळ्या होण्याआधी मतदान आलं. अंगणातल्या प्रश्नापेक्षा न्यूयॉर्कमधलं भाषण भारी ठरलं, असं म्हणता येईल. पण तेवढंच नसावं. उपनगरात गुजराती, सिंधी, दाक्षिणात्य, ईस्ट इंडियन, मराठी अशी सगळी वस्ती. संयुक्त महाराष्ट्राची हाक जितकी लालबागला पोहोचली तितकी इथल्या सगळ्या घरांत पोहोचणार नव्हती.

अल्वारिस पुढे १९६३ला लोकसभेत गेले, पणजीहून, महाराष्ट्रवादी गोमंतकच्या तिकिटावर. मुंबईत महाराष्ट्राचा प्रश्न पेटलेला असताना ते हरले आणि गोव्यात महाराष्ट्राच्याच प्रश्नावर जिंकले.

*

१९६२ची लढत म्हणजे त्या वर्षीचा राष्ट्रीय तमाशा. संरक्षणमंत्री मेनन विरुद्ध आचार्य कृपलानी. कृपलानी तोवर बिहारातल्या सीतामढीचे खासदार, तिथली जागा सोडून मुद्दाम इथे आले. जनसंघ, स्वतंत्र, प्रजा समाजवादी, सगळे पाठीशी. फाळणीनंतर चेंबूर-मुलुंडच्या छावण्यांत आलेला सिंधी समाज हैदराबाद-सिंधच्या आचार्यांकडे वळेल हा एक हिशेब. चीनच्या सीमेवरचा राग हा दुसरा. नेहरूंनी प्रतिष्ठा पणाला लावली. दिलीपकुमार मेननसाठी सभा घेत फिरले. दोन महिन्यांपूर्वीच फौजा गोव्यात गेल्या होत्या, त्याचंही पुण्य खात्यावर होतं. मेनन जवळपास दुप्पट मतांनी आले. लाखाच्या वर आघाडी.

ऑक्टोबरात चीनने हल्ला केला आणि नोव्हेंबरात त्यांना मंत्रिमंडळ सोडावं लागलं. मतदारांनी फेब्रुवारीत दिलेलं प्रशस्तिपत्र वर्षभरही टिकलं नाही.

मला या निवडणुकीत एकच गोष्ट महत्त्वाची वाटते. एक केरळचा, एक सिंधचा. मतदारसंघातलं दोघांपैकी कोणीच नाही. त्याबद्दल फारशी कुरकुर झाली नाही. भांडण झालं ते चीनवर, अमेरिकेवर, साम्यवादावर. अंधेरीच्या गटारांचं काय, हे दोघांनाही कुणी फार विचारलं नसावं.

*

पाच वर्षांत चित्र पालटलं. १९६६च्या जूनमध्ये शिवसेना निघाली. त्याच वर्षअखेरीस काँग्रेसने मेननचं तिकीट कापलं. ‘उत्तर’चे तुकडे झाले होते, मेनन ‘ईशान्य मुंबई’तून अपक्ष उभे राहिले. काँग्रेसने दिले स. गो. बर्वे. आयसीएस, पानशेतच्या पुरानंतर पुणं उभं करणारे, राज्यात मंत्री राहिलेले. गुणांनी कुठेच कमी नाहीत. पण प्रचारात गुणांपेक्षा गाव पुढे आलं. शिवसेनेने दाक्षिणात्यांविरुद्ध रान उठवलं होतंच, तिने बर्व्यांना पाठिंबा दिला. मेनन पडले, तेरा हजारांच्या आसपास मतांनी.

बर्वे निकालानंतर काही दिवसांतच वारले. पोटनिवडणुकीत काँग्रेसने त्यांच्या भगिनी ताराबाई सप्रे यांना उभं केलं. मेनन पुन्हा लढले, पुन्हा पडले.

*

बर्वे चांगले की मेनन, हा वाद मी घालणार नाही. कारभाराचा माणूस म्हणून मी बर्व्यांनाच मत दिलं असतं. खटकतं ते दुसरंच. ज्या उपनगरने गुजराती बाईला, मल्याळी मंत्र्याला बिनतक्रार निवडलं, तिथेच ‘हा कुठला?’ हा प्रश्न पहिल्यांदा मतपेटीपर्यंत गेला. वस्ती तशीच सरमिसळ होती. उलट अधिकच झाली होती. बदलला होता नोकऱ्यांचा हिशेब, आणि तो मांडणारा शिवसेनेचा नेता व्यंगचित्रकार होता, त्याला एका रेषेत शत्रू दाखवता येत असे.

*

मेनन १९६९ला पुन्हा लोकसभेत गेले, मिदनापूरहून, अपक्ष. बंगालशीही त्यांचा गावकीचा संबंध नव्हता आणि बंगालीही येत नव्हती. डाव्यांचा पाठिंबा होता, विजय लाखाहून जास्त मतांच्या फरकाचा. १९७१ला त्रिवेंद्रमहून, तिथेही अपक्ष. १९७४ला वारले तेव्हा ते त्रिवेंद्रमचेच खासदार होते.